भुलीच्या अवस्थेतील मेंदुतरंग

भुलीच्या अवस्थेतील मेंदुतरंग म्हणजे शस्त्रक्रियेसाठी पूर्ण भूल दिलेल्या व्यक्तीच्या मेंदूतील विद्युत्-क्रियेची, डोक्याच्या त्वचेवर लावलेल्या इलेक्ट्रोडांच्या साहाय्याने टिपलेली आंदोलने होत. जागेपणी हे तरंग कमी उंचीचे, वेगवान आणि अनियमित असतात. भूल चढत गेली की बहुतेक औषधांच्या प्रभावाखाली ते संथ, उंच आणि लयबद्ध होतात. भूल फार खोल गेली तर मधूनमधून थांबतात आणि अखेरीस केवळ सपाट रेषा उरते. मात्र हा क्रम सर्व औषधांना सारखा लागू पडत नाही. प्रत्येक औषध मेंदूत वेगळ्या ठिकाणी काम करते व त्याची खूण तरंगांत वेगळी उमटते. केटामीनसारख्या औषधाने शुद्ध हरपली असतानाही तरंग वेगवान राहू शकतात. त्यामुळे तरंगांवरून भुलीची खोली ओळखताना कोणते औषध दिले आहे आणि रुग्णाचे वय काय आहे, या दोन गोष्टी ठाऊक असाव्या लागतात.

भूल, झोप आणि प्रगाढ बेशुद्धी

शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाला धीर देताना ‘आता तुम्हाला झोप लागेल’ असे सांगण्याची पद्धत आहे. हे सांगणे सोयीचे असले तरी शास्त्रदृष्ट्या अचूक नाही. झोपलेल्या माणसाला हाक मारून किंवा हलवून उठवता येते. भूल दिलेल्या माणसाला सुरीच्या स्पर्शानेही जाग येत नाही. झोपेत मेंदू ठराविक अंतराने एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जातो. साधारण दीड तासाच्या एका आवर्तनात संथ तरंगांची गाढ झोप आणि डोळ्यांच्या जलद हालचालींची, स्वप्नांची झोप आळीपाळीने येतात. भुलीत असे आवर्तन नसते. औषधाची मात्रा स्थिर ठेवली की तरंगांचे रूपही पुष्कळसे स्थिर राहते.

मराठीतील ‘भूल’ हा शब्द या दृष्टीने झोपेपेक्षा अधिक नेमका आहे, कारण त्यात विसर पडण्याचा अर्थ आहे आणि स्मृती न उरणे हा भुलीचा एक आवश्यक भाग आहे. वैद्यकाच्या दृष्टीने पूर्ण भुलीत शुद्ध हरपणे, वेदनेची जाणीव नसणे, घडलेल्याची आठवण न राहणे आणि शरीराची हालचाल न होणे, या चार गोष्टी साधाव्या लागतात. शिवाय हृदय, श्वसन व शरीराचे तापमान सांभाळावे लागते. एमरी ब्राउन, राल्फ लिडिक आणि निकोलस शिफ या तिघांनी २०१० मध्ये लिहिलेल्या एका प्रसिद्ध लेखात भुलीचे वर्णन औषधाने आणलेली व मागे फिरवता येणारी प्रगाढ बेशुद्धी असे केले. तरंगांचे पुरावेही याच बाजूचे आहेत. खोल भुलीतील आलेख मेंदूला इजा झालेल्या बेशुद्ध रुग्णाच्या आलेखाशी मिळताजुळता असतो. झोपेच्या आलेखाशी त्याचे साम्य काही विशिष्ट औषधांपुरतेच आहे.

तरंग कसे निर्माण होतात आणि कसे टिपतात

मेंदूच्या बाह्यकात, म्हणजे वरच्या राखाडी थरात, लक्षावधी चेतापेशी एकमेकींना समांतर उभ्या असतात. शेजारच्या पेशींकडून संदेश आला की त्यांच्या भोवती क्षीण विद्युत्-प्रवाह उत्पन्न होतात. एका पेशीचा प्रवाह कवटीबाहेर कळण्याइतका नसतो. पुष्कळ पेशी एकाच वेळी एकाच तालात चालल्या तरच त्यांची बेरीज त्वचेपर्यंत पोहोचते. म्हणूनच उंच तरंग हे मेंदू अधिक काम करीत असल्याचे लक्षण नसून पेशींनी एकच ताल धरल्याचे लक्षण आहे. एखाद्या सभागृहात प्रत्येक जण आपापल्या शेजाऱ्याशी बोलत असेल तर बाहेर अस्पष्ट कुजबुज ऐकू येते. सगळ्यांनी एकदम टाळ्या वाजवल्या तर आवाज मोठा होतो, पण त्यात सांगण्यासारखे काही उरत नाही. भुलीतील उंच संथ तरंग हे या टाळ्यांसारखे आहेत.

त्वचेवर मिळणारा हा विभव मायक्रोव्होल्टमध्ये, म्हणजे व्होल्टच्या दशलक्षांश भागात मोजतात. त्याच्या आलेखाला विद्युत्-मस्तिष्कालेख किंवा रूढ भाषेत ईईजी म्हणतात. एका सेकंदात होणाऱ्या आंदोलनांच्या संख्येवरून, म्हणजे हर्ट्झवरून, तरंगांचे पट्टे पाडले आहेत. १ हर्ट्झपेक्षा कमी ते अतिसंथ, १ ते ४ डेल्टा, ४ ते ८ थीटा, ८ ते १२ अल्फा, सुमारे १३ ते २५ बीटा आणि त्यापुढचे गॅमा. या सीमा ग्रंथागणिक थोड्याफार बदलतात. निदानासाठी ईईजी काढताना संपूर्ण डोक्यावर इलेक्ट्रोड लावतात. शस्त्रक्रियागृहात मात्र बहुधा केवळ कपाळावर एक चिकटपट्टी लावली जाते. त्यामुळे भूलतज्ज्ञाला प्रामुख्याने मेंदूच्या पुढच्या भागाचेच तरंग दिसतात.

कागदावर सरकणारी नागमोडी रेषा वाचायला सराव लागतो. म्हणून आधुनिक यंत्रांवर तिच्याबरोबर वर्णपटाचे चित्रही असते. त्यात आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर वारंवारता आणि रंगांतून त्या त्या वारंवारतेची तीव्रता दाखवलेली असते. प्रॉपोफॉलच्या भुलीत या चित्रात १० हर्ट्झच्या आसपास एक ठळक पट्टा आणि तळाशी दुसरा पट्टा असे दोन पट्टे दिसतात. एकदा पाहिल्यावर विद्यार्थ्यालाही ते सहज ओळखता येतात.

इतिहास

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेतील बॉस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात विल्यम मॉर्टन यांनी ईथरच्या भुलीचे जाहीर प्रात्यक्षिक केले. त्यानंतर जवळजवळ शतकभर भुलीची खोली रुग्णाच्या शरीराकडे पाहूनच ठरवली जात असे. श्वासाची लय, बाहुलीचा आकार, बुबुळांची हालचाल आणि स्नायूंचा ताण या खुणांवरून आर्थर ग्युडेल यांनी ईथरच्या भुलीचे टप्पे पाडले आणि तीच कोष्टके दीर्घकाळ प्रमाण मानली गेली.

दरम्यान मेंदूतील विजेचा शोध स्वतंत्रपणे चालू होता. लिव्हरपूलचे रिचर्ड केटन यांनी १८७५ मध्ये प्राण्यांच्या उघड्या मेंदूवरील विद्युत्-प्रवाहांची नोंद केली. जर्मनीतील येना येथील मानसोपचारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या डोक्यावरून पहिला आलेख मिळवला आणि १९२९ मध्ये तो प्रसिद्ध केला. अल्फा आणि बीटा ही नावे त्यांचीच. १९३७ मध्ये फ्रेडरिक गिब्ज, एर्ना गिब्ज आणि विल्यम लेनॉक्स यांनी निरनिराळ्या औषधांचा मेंदुतरंगांवरील परिणाम तपासला आणि भूल देताना तिची खोली मोजण्यासाठी हा आलेख उपयोगी पडेल असे सुचवले.

या सूचनेची निकड पाच वर्षांनी वाढली. जानेवारी १९४२ मध्ये कॅनडातील माँट्रियल येथे हॅरोल्ड ग्रिफिथ आणि एनिड जॉन्सन यांनी शस्त्रक्रियेत क्युरारे हे स्नायू शिथिल करणारे औषध वापरले. या औषधामुळे कमी भुलीतही शल्यविशारदाला पोट सैल मिळू लागले. परंतु क्युरारे स्नायूंवर काम करते, मेंदूवर नाही. स्नायू लुळे पडल्यावर श्वास, हालचाल, चेहऱ्यावरचे आठ्यांचे जाळे अशा ग्युडेल यांच्या बहुतेक खुणा नाहीशा झाल्या आणि टेबलावरील माणूस खरोखर बेशुद्ध आहे की जागा असून हलू शकत नाही, हा प्रश्न प्रथमच गंभीरपणे उभा राहिला. पुढील सर्व संशोधनाच्या मुळाशी हाच प्रश्न आहे.

अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये रेजिनाल्ड बिकफर्ड आणि त्यांचे सहकारी ॲल्बर्ट फॉकनर यांनी १९५० च्या सुमारास ईथरच्या भुलीतील तरंगांच्या सात पातळ्या ठरवल्या. बिकफर्ड यांनी तर मेंदुतरंगांची एकूण शक्ती मोजून त्यानुसार आपोआप औषध सोडणारे यंत्रच तयार केले. तरंग क्षीण झाले की औषध कमी, बलवान झाले की औषध अधिक. अवजड उपकरणे आणि शस्त्रक्रियागृहातील विजेचा गोंगाट यांमुळे ही पद्धत त्या वेळी रुळली नाही. स्वस्त संगणक आल्यावर १९९० च्या दशकात तिच्याकडे पुन्हा लक्ष गेले.

प्रॉपोफॉलच्या भुलीतील तरंग

प्रॉपोफॉल हे शिरेतून दिले जाणारे, दुधासारखे पांढरे दिसणारे औषध आज जगभर वापरात आहे. ब्रिटनमधील इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीज या कंपनीत पशुवैद्य इयन ग्लेन यांनी ते विकसित केले व त्यासाठी त्यांना २०१८ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला. भुलीतील तरंगांचा सर्वांत सखोल अभ्यास याच औषधाबाबत झाला आहे.

मेंदूत ‘गाबा’ नावाचे एक रसायन चेतापेशींना शांत करण्याचे काम करते. प्रॉपोफॉल गाबाच्या ग्राहींना चिकटून हा शांत करणारा परिणाम वाढवते. थोड्या मात्रेत मात्र प्रथम उलटेच घडते. रुग्ण शांत होण्याऐवजी काही क्षण चुळबुळतो, बडबडतो आणि आलेखात बीटा तरंग वाढतात. मात्रा वाढली की बीटा तरंग हळूहळू संथ होत अल्फाच्या पट्ट्यात उतरतात, त्याच वेळी तळाशी अतिसंथ व डेल्टा तरंग उसळतात आणि रुग्ण हाकेला ओ देईनासा होतो.

यातील अल्फा तरंगांची जागा लक्षात घेण्यासारखी आहे. जागा माणूस डोळे मिटून स्वस्थ बसला की अल्फा तरंग डोक्याच्या मागच्या भागात, दृष्टिकेंद्राच्या परिसरात, दिसतात. प्रॉपोफॉलने शुद्ध हरपताच मागचे अल्फा विरतात आणि पुढे, कपाळामागील भागात, नवे अल्फा प्रकट होतात. वारंवारता तीच असली तरी हे तरंग निराळे आहेत. मेंदूच्या मध्यभागी असलेला थॅलॅमस आणि पुढचे बाह्यक यांच्यामध्ये संदेशांची नेहमी देवाणघेवाण चालते. प्रॉपोफॉलमुळे हे दोन्ही भाग सुमारे १० हर्ट्झच्या एकाच चाकोरीत अडकतात, असे गणिती प्रतिमानांवरून मानले जाते. एकाच तालात अडकलेल्या या मंडलातून बाहेरच्या जगाची नवी वार्ता पुढे जाऊ शकत नाही.

मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयातील पॅट्रिक पर्डन, एमरी ब्राउन व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दहा निरोगी स्वयंसेवकांना प्रॉपोफॉलची मात्रा पायरीपायरीने वाढवत देण्यात आली व नंतर तशीच उतरवण्यात आली. या काळात त्यांना दर काही सेकंदांनी टकटक आवाज किंवा त्यांचे स्वतःचे नाव असे शब्द ऐकवले जात आणि प्रत्येक वेळी बटण दाबायचे असे. टकटक आवाजाला प्रतिसाद देणे आधी थांबले, शब्दांना प्रतिसाद नंतर थांबला. शुद्ध हरपण्याच्या संक्रमणकाळात अल्फा तरंग अतिसंथ तरंगाच्या दरीत अधिक उंच होत आणि भूल खोल झाल्यावर ते त्याच तरंगाच्या शिखरावर उंच होऊ लागत. म्हणजे केवळ तरंगांची उपस्थितीच नव्हे, तर एका तरंगाचा दुसऱ्याशी असलेला मेळही भुलीची पायरी दाखवतो.

अतिसंथ तरंगांचा अर्थ लॉरा लुईस आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये उलगडला. अपस्माराच्या शस्त्रक्रियेपूर्वी मेंदूत सूक्ष्म इलेक्ट्रोड बसवलेल्या तीन रुग्णांमध्ये त्यांनी एकेका चेतापेशीचे स्पंदन नोंदले. शुद्ध हरपण्याच्या क्षणी, अवघ्या काही सेकंदांत, अतिसंथ तरंग सुरू झाले. चेतापेशी त्यानंतरही स्पंदत होत्या, परंतु तरंगाच्या ठराविक टप्प्यातच. उरलेल्या वेळात त्या गप्प होत्या. शिवाय मेंदूच्या दूरदूरच्या भागांतील या बोलण्याच्या वेळा एकमेकींशी जुळत नव्हत्या. एका भागाच्या पेशी जाग्या होतात तेव्हा दुसऱ्या भागाच्या गप्प असतात. शेजारच्या पेशींचे परस्परांशी नाते टिकून राहते, पण दूरचा संवाद तुटतो. सगळा मेंदू बंद पडतो म्हणून शुद्ध हरपते, ही जुनी समजूत या निरीक्षणामुळे मागे पडली.

इतर औषधांच्या खुणा

श्वासावाटे दिल्या जाणाऱ्या सेव्होफ्लुरेन, आयसोफ्लुरेन, डेसफ्लुरेन या बाष्परूप औषधांचा आलेख प्रॉपोफॉलसारखाच असतो. मात्रा वाढवल्यावर मात्र अल्फा आणि डेल्टा यांमधील थीटाचा पट्टाही भरून येतो व वर्णपटाच्या चित्रातील दोन पट्ट्यांमधली मोकळी जागा बुजते. एन्फ्लुरेन या जुन्या औषधाच्या भारी मात्रेत अपस्मारासारखी टोके आलेखात दिसत.

केटामीनचा प्रकार अगदी वेगळा आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेत तयार झालेले हे औषध गाबाकडे न वळता ‘एनएमडीए’ नावाचे उत्तेजक ग्राही अडवते. त्यामुळे काही शांत करणाऱ्या पेशीच आधी शांत होतात आणि इतर पेशी मोकाट सुटतात. आलेखात २५ ते ३२ हर्ट्झच्या आसपासचे गॅमा तरंग उसळतात, तर मोठ्या मात्रेत हे गॅमा आणि संथ डेल्टा आळीपाळीने येतात. रुग्ण बाहेरून प्रतिसाद देत नाही, पण आत त्याला चमत्कारिक स्वप्ने, भास, शरीरातून बाहेर पडल्याची भावना असे अनुभव येऊ शकतात. संथ तरंग म्हणजे बेशुद्धी आणि वेगवान तरंग म्हणजे जाग हे समीकरण केटामीनने मोडून काढले.

डेक्समेडेटोमिडीन हे औषध झोपेच्या सर्वांत जवळ जाते. मेंदूच्या स्तंभातील लोकस सेरुलियस या केंद्रातून जागे ठेवणारे नॉरॲड्रेनॅलिन स्रवते. हे औषध तो स्राव थांबवते. आलेखात संथ तरंगांबरोबर, नैसर्गिक झोपेत दिसणाऱ्या चात्यांसारख्या आकृत्या येतात. असा रुग्ण मोठ्याने हाक मारल्यास डोळे उघडतो. लाफिंग गॅस म्हणून परिचित असलेल्या नायट्रस ऑक्साइडने वेगवान तरंग वाढतात आणि मोठ्या मात्रेत काही मिनिटांपुरते मोठे संथ तरंग येऊन जातात.

बर्स्ट सप्रेशन

गाबावर काम करणाऱ्या औषधांची मात्रा आणखी वाढवली तर तरंगांची छोटी उसळी आणि त्यानंतर काही सेकंदांची सपाट शांतता असा आळीपाळीचा आकृतिबंध दिसू लागतो. याला बर्स्ट सप्रेशन म्हणतात. मांजरांवरील प्रयोगांत तो १९३० च्या दशकातच नोंदला गेला होता. भूल जितकी खोल, तितके शांततेचे अंतर लांब; शेवटी उसळ्याच थांबतात. शरीराचे तापमान फार उतरवले असता, मेंदूला प्राणवायू कमी पडल्यावर झालेल्या प्रगाढ बेशुद्धीत आणि काही नवजात बालकांच्या मेंदुविकारांतही हीच आकृती दिसते. या सर्वांत मेंदूचा चयापचय मंदावलेला असतो, हे समान सूत्र आहे. न थांबणाऱ्या अपस्माराच्या झटक्यांवर उपचार म्हणून ही अवस्था मुद्दाम आणली जाते. साध्या शस्त्रक्रियेसाठी मात्र इतक्या खोल भुलीची गरज नसते.

वयानुसार फरक

तान्ह्या बालकांत सेव्होफ्लुरेनच्या भुलीत संथ तरंग दिसतात, पण कपाळामागचे अल्फा दिसत नाहीत. ते साधारण चौथ्या महिन्यापासून उमटू लागतात, कारण थॅलॅमस आणि बाह्यक यांची जोडणी तोवर पुरी झालेली नसते. बालपणी अल्फाची तीव्रता वाढत जाते व तारुण्यानंतर ती हळूहळू उतरते. वृद्धांमध्ये ती इतकी क्षीण होते की नवशिक्याला भूल हलकी असल्याचा भ्रम व्हावा. वास्तविक वय वाढेल तसे औषध कमी लागते. तरुणाला योग्य असलेल्या मात्रेत वृद्धाचा आलेख सहज बर्स्ट सप्रेशनमध्ये जातो.

अशा रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर काही दिवस संभ्रम, भ्रम, दिवसरात्रीचा घोळ अशी लक्षणे दिसण्याचा संभव अधिक असतो. या अवस्थेला डेलिरियम म्हणतात. बर्स्ट सप्रेशन टाळले तर डेलिरियम टळेल काय, या प्रश्नाचे उत्तर अद्याप एकमुखी नाही. अमेरिकेत १,२३२ वृद्ध रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एंगेजेस’ चाचणीत आलेख पाहून भूल हलकी ठेवलेल्या गटात २६ टक्के आणि नेहमीच्या गटात २३ टक्के रुग्णांना डेलिरियम झाला, म्हणजे लाभ दिसला नाही. याउलट ‘बॅलन्स्ड’ या आंतरराष्ट्रीय चाचणीच्या २०२१ मधील उपअभ्यासात हलक्या भुलीच्या गटात तो १९ टक्के आणि खोल भुलीच्या गटात २८ टक्के आढळला. ज्या मेंदूची जराजीर्ण अवस्था आधीच ओढवली आहे तोच थोड्या औषधाने सप्रेशनमध्ये जातो आणि त्यालाच डेलिरियम होतो, अशीही शक्यता आहे. तसे असल्यास सप्रेशन हे कारण नसून पूर्वसूचना ठरते.

एका आकड्यात भूल

१९९६ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने बाइस्पेक्ट्रल इंडेक्स, संक्षेपाने बीआयएस, या यंत्राला मान्यता दिली. कपाळावरील पट्टीतून आलेल्या तरंगांचे गणित करून हे यंत्र ० ते १०० यांमधील एक आकडा दाखवते. पूर्ण जागा माणूस १०० च्या जवळ, सपाट आलेख ० आणि शस्त्रक्रियेसाठी योग्य भूल ४० ते ६० असा त्याचा संकेत आहे. आकडा वाचायला सोपा असल्याने यंत्राचा प्रसार झाला. मात्र आकड्यामागचे संपूर्ण गणित कंपनीने गुप्त ठेवले आणि मूळ आलेख पाहण्याची सवय त्यामुळे मागे पडली, ही टीका रास्त आहे.

शस्त्रक्रियेदरम्यान जाग येऊन ती नंतर आठवणे हा दुर्मीळ पण भीषण अनुभव असतो. हलता येत नाही, बोलता येत नाही, आणि भोवतालचे संभाषण ऐकू येते. काहींना वेदनाही जाणवते. अशा रुग्णांपैकी पुष्कळांना पुढे दीर्घकाळ मानसिक त्रास होतो. रुग्णांना मुद्दाम प्रश्न विचारून केलेल्या अभ्यासांत हे प्रमाण हजारात एक ते दोन आढळते. २००० मध्ये प्रसिद्ध झालेला स्वीडनमधील ११,७८५ रुग्णांचा अभ्यास त्यांपैकी प्रसिद्ध आहे. रुग्णांनी आपण होऊन केलेल्या तक्रारींवर आधारलेल्या ब्रिटन व आयर्लंडमधील २०१४ च्या पाहणीत ते सुमारे १९,६०० मध्ये एक इतके कमी निघाले. त्याच पाहणीत स्नायू शिथिल करणारे औषध दिले असता ८,२०० मध्ये एक, न दिले असता १,३५,९०० मध्ये एक आणि पूर्ण भुलीखालील सिझेरियनमध्ये ६७० मध्ये एक असे प्रमाण दिसले. क्युरारेने १९४२ मध्ये उभा केलेला प्रश्न या आकड्यांत अजून वाचता येतो.

बीआयएसने ही जाग टळते काय? जागेचा धोका अधिक असलेल्या २,४६३ रुग्णांवरील २००४ च्या ‘बी-अवेअर’ चाचणीत यंत्र वापरलेल्या गटात २ आणि न वापरलेल्या गटात ११ रुग्णांना जाग आली. हा मोठा लाभ होता. मात्र २००८ च्या ‘बी-अनअवेअर’ चाचणीत दुसऱ्या गटात रुग्णाच्या उच्छ्वासातील बाष्परूप औषधाचे प्रमाण मोजून ते कमी होताच इशारा देण्याची व्यवस्था केली, तेव्हा दोन्ही गटांत प्रत्येकी २ रुग्ण जागे झाले. २०११ मधील ‘बॅग-रिकॉल’ या पाच हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत तर बीआयएसच्या गटात ७ आणि उच्छ्वासाच्या गटात २ असे उलटे प्रमाण आले. बाष्परूप औषधाची उच्छ्वासातील मात्रा मोजता येते. शिरेतून दिलेल्या प्रॉपोफॉलची रक्तातील मात्रा शस्त्रक्रियागृहात तशी सहज मोजता येत नाही. म्हणून शिरेतील भुलीबरोबर स्नायू शिथिल करणारे औषध दिले असल्यास मेंदुतरंग पाहणे विशेष आवश्यक मानले जाते.

आकड्याच्या मर्यादा वर सांगितलेल्या औषधांच्या खुणांतूनच उद्भवतात. केटामीन दिले की भूल खोल होऊनही आकडा वाढू शकतो. नायट्रस ऑक्साइडचा त्यावर फारसा परिणाम होत नाही. डेक्समेडेटोमिडीनने गुंगीत गेलेल्या व हाकेने उठणाऱ्या रुग्णाचा आकडा पूर्ण भुलीइतका खाली असू शकतो. सहा महिन्यांच्या आतील बालकांसाठी ही गणिते भरवशाची नाहीत. रक्तातील साखर किंवा शरीराचे तापमान फार उतरले, मेंदूचा रक्तपुरवठा घटला तरी आकडा घसरतो. त्यातच कपाळाच्या स्नायूंची वीज तरंगांत मिसळते. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या एका धाडसी प्रयोगात दहा स्वयंसेवकांना कोणतीही भूल न देता केवळ स्नायू शिथिल करणारे औषध दिले. ते पूर्ण जागे होते. तरी स्नायूंची वीज नाहीशी होताच यंत्राचा आकडा उतरला आणि काही वेळा भुलीसाठी योग्य मानलेल्या मर्यादेत गेला. ज्या रुग्णाच्या रक्षणासाठी यंत्र हवे, नेमक्या त्याच परिस्थितीत ते फसू शकते, हे या प्रयोगाने दाखवले. मूळ आलेखात मात्र अशा वेळी जागेपणाचे लहान, वेगवान तरंग सरावलेल्या डोळ्याला दिसतात.

प्रतिसाद नसणे आणि जाणीव नसणे

१९७७ मध्ये मायकल टन्स्टल यांनी एक साधी युक्ती सुचवली. स्नायू शिथिल करणारे औषध देण्यापूर्वी एका दंडाला रक्तदाब मोजण्याचा पट्टा बांधून फुगवावा, म्हणजे औषध त्या हातात पोहोचत नाही. मग रुग्णाच्या कानाशी बोलून हात दाबायला सांगावे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बहुराष्ट्रीय अभ्यासात अशा रीतीने शेकडा चार ते पाच रुग्णांनी श्वासनलिकेत नळी घातल्यानंतर हात दाबून प्रतिसाद दिला. नंतर त्यातले काहीही बहुतेकांना आठवत नव्हते. आठवण नसणे म्हणजे जाणीव नसणे नव्हे, आणि प्रतिसाद नसणे म्हणजेही जाणीव नसणे नव्हे, हे यावरून उघड होते.

या गुंत्यातून वाट काढण्यासाठी इटलीतील मार्चेल्लो मास्सिमिनी आणि सहकाऱ्यांनी निराळा मार्ग घेतला. मेंदू आपोआप काय करतो हे पाहण्याऐवजी त्याला चुंबकीय स्पंदाने बाहेरून हलका धक्का द्यायचा आणि त्याचे पडसाद कसे पसरतात ते ईईजीने टिपायचे. जाग्या मेंदूत पडसाद दूरवर व गुंतागुंतीच्या रीतीने पसरतात. प्रॉपोफॉल किंवा झेनॉनच्या भुलीत ते जागच्या जागी विरतात किंवा सर्वत्र एकसारखे उमटतात. या गुंतागुंतीचे मोजमाप करणारा निर्देशांक २०१३ मध्ये मांडण्यात आला. केटामीन दिलेल्या स्वयंसेवकांत तो जागेपणाइतकाच उंच राहिला आणि उठल्यावर त्यांनी दीर्घ, रंगीबेरंगी स्वप्ने सांगितली. ही पद्धत अद्याप प्रयोगशाळेपुरतीच आहे.

भूल उतरताना

औषध थांबवल्यावर तरंग साधारणपणे आल्या वाटेनेच परत फिरतात. संथ तरंगांची उंची घटते, कपाळामागचे अल्फा वेग घेत बीटात जातात आणि फिके होतात, आणि डोळे मिटलेले असल्यास मागचे अल्फा पुन्हा दिसू लागतात. वर्णपटाच्या चित्रात दोन पट्टे एकमेकांपासून दूर जाताना साखळी उघडल्यासारखे दिसते. सर्व रुग्णांत हा प्रवास सरळ नसतो; काही जण संथ तरंगांतूनच एकाएकी जागे होतात. सेव्होफ्लुरेननंतर लहान मुले काही मिनिटे रडतात, हातपाय झाडतात, आईलाही ओळखत नाहीत. हा क्षोभ बहुधा आपोआप ओसरतो. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, तीस निरोगी स्वयंसेवकांना तीन तास आयसोफ्लुरेनची खोल भूल देऊन केलेल्या अभ्यासात एक अनपेक्षित क्रम दिसला. जाग आल्यावर विचार व निर्णय यांसारखी, मेंदूच्या पुढच्या भागावर अवलंबून असलेली कामे तुलनेने आधी पूर्ववत झाली, तर प्रतिसादाचा वेग आणि अवधान यांना अधिक वेळ लागला. भूल न दिलेल्या गटाच्या तुलनेत पुढील दिवसांतील त्यांच्या झोप-जागेच्या चक्रात लक्षणीय फरक आढळला नाही.